मंदाकाकूंचा सापळा विभाग

मंदाकाकूंनी एकतीस वर्षं वायरी जोडल्या. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल बनायची. बाहेरून लोखंडी कपाट, आत हजारभर वायरी. कपाटाच्या दाराला एक ड्रॉइंग लटकवलेलं असायचं. त्यावर बोट ठेवून काकू एकेक वायर तिच्या जागी नेऊन पोचवायच्या आणि दोन्ही टोकांना आकडा छापलेली प्लॅस्टिकची बारीक कडी घालायच्या. तिला फेरूल म्हणतात. "वायर कधी हरवत नाही," त्या सांगतात, "नंबर हरवतो." निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांच्या घरातल्या प्रत्येक चार्जरला, मिक्सरला, टेबलफॅनला अशी कडी आहे. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या इस्त्रीलाही त्यांनी एक कडी घातली. तिच्यावर सतरा आकडा आहे. एक ते सोळा कुठे आहेत, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यांचे यजमान गोविंदराव रेल्वेत गार्ड होते. गार्डाचा डबा सगळ्यांत शेवटी. गाडी पुढे जात असते आणि गार्डाला दिसतात ते मागे पडत जाणारे रूळ. नोकरी संपल्यावर गोविंदराव आमच्या अकोट्याच्या इमारतीतल्या गॅलरीत बसू लागले. लांबून गाडीची शिटी आली की मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि "अकरा मिनिटं लेट," असं म्हणायचे. त्याखेरीज दिवसभरात "चहा", "हं" आणि "दार लाव". काकू माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "वहिनी, कारखान्यात मशीनं तरी आवाज करायची हो."

मग दोन दिवाळ्यांपूर्वी नील आला. नील हा काकूंच्या बहिणीचा मुलगा, हैदराबादला नोकरी करतो. तो आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण ओवी इंटरनेटवर एक खेळ खेळायचे. त्यात गोष्ट सांगणारा एक असतो, तो नील. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. पडद्यावर नकाशा असतो, त्यावर सोंगट्या सरकतात, आणि काही अडलं की फासा टाकून निकाल लावायचा. नीलला माणसं कमी पडत होती. त्याने मला धरलं आणि फराळाच्या ताटावरून उठता उठता गोविंदरावांना विचारलं, "काका, तुम्ही येता का? एक माणूस हवाय."

"काय काम?"

"मशाल धरायचं. एक खूप खोल वाव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर, सात मजली. सगळ्यांच्या पुढे मशालजी चालतो."

"पुढे?" गोविंदरावांनी विचारलं.

"सगळ्यांच्या पुढे."

अशा रीतीने मशालजी बळवंतराव जन्माला आले. नाव गोविंदरावांनीच ठेवलं. "जन्मभर शेवटच्या डब्यात काढला," ते म्हणाले, "आता एकदा पुढून बघतो."

दर रविवारी दुपारी तीन ते पाच. गोविंदराव हॉलमध्ये लॅपटॉपसमोर, कानांवर हेडफोन, मी वर माझ्या खोलीत, ओवी बडोद्याजवळच्या पादरा गावी, ती तिथे एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे आणि खेळातही आमची वैद्य, नील हैदराबादला. मी नकाशा सांभाळायचे. बळवंतराव एकदम बोलके निघाले. ते पायऱ्यांशी बोलायचे, वटवाघळांना दम द्यायचे, ओवीला "वैद्यबुवा, पाऊल जपून" म्हणायचे. रविवारी बळवंतराव बोलायचे आणि सोमवारी सकाळी गोविंदराव काकूंना बळवंतरावांबद्दल सांगायचे. ते बोलणं साधारण मंगळवारपर्यंत पुरायचं. काकूंना आठवड्यातले तीन दिवस मिळाले होते.

ते तीन दिवस गेल्या वर्षी डिसेंबरात जाता जाता वाचले.

वावेत नीलने सापळे पेरले होते. पायरी खचते, भिंतीतून भाले येतात, छत खाली उतरतं. सापळा लागला की नील कागद शोधायचा, प्रत्येकासाठी वेगळा फासा टाकून कोण चुकवतं ते बघायचा, मग इजेचे फासे टाकायचा. ज्याने चुकवलं त्याला निम्मी इजा, बाकीच्यांना पूर्ण. मग ती प्रत्येकाच्या प्राणांतून वजा करायची. आमच्या पात्रांचे प्राण आकड्यांत असतात. शून्य झाले की पात्र गेलं, परत येत नाही. नीलची वजाबाकी कच्ची. एका सापळ्याला बारा मिनिटं लागायची. हे मी सांगत नाही, गोविंदरावांच्या घड्याळाने सांगितलं. एका रविवारी चार सापळे लागले.

"नील," गोविंदराव म्हणाले, "गाडी अठ्ठेचाळीस मिनिटं आउटर सिग्नलला उभी आहे."

"सॉरी काका, एकच मिनिट. ओवीचे किती झाले? एकवीसमधून तेरा..."

नीलचा आवाज हेडफोनबाहेरही जायचा. "आठ," ओवी, मी आणि स्वयंपाकघरातून काकू एकदम म्हणालो.

गोविंदरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "पुढच्या रविवारी मला धरू नका," ते शांतपणे म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

काकू त्या वेळी उंधियूच्या भाजीसाठी पापडी निसत होत्या. ती तशीच ठेवून त्यांनी नीलला फोन लावला. मला हे नंतर त्यांनीच सांगितलं.

"सापळा लागला की तू काय काय करतोस, त्याचं ड्रॉइंग पाठव."

"मावशी, ड्रॉइंग नसतं. नियम असतात."

"मग नियम पाठव. ड्रॉइंग मी काढते."

खेळाच्या त्या वेबसाइटवर छोट्या आज्ञा लिहून ठेवता येतात. त्यांना मॅक्रो म्हणतात. एकदा लिहिला की एका घटनेवर पुढची सगळी कामं आपोआप होतात. नीलला हे माहीत होतं. लिहीन लिहीन म्हणत त्याने वर्ष घालवलं होतं. काकूंनी आलेखाच्या कागदावर शिडीसारखं चित्र काढलं. सोंगटी पायरीवर आली, संपर्क जुळला. चुकवलं का? हो, तर या वाटेने जा. नाही, तर त्या वाटेने. पुढे फासे, पुढे वजाबाकी. "हे तर पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरपेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या. आज्ञा कशा लिहायच्या ते नीलने तीन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. काकू प्रत्येक ओळीपुढे नंबर टाकत गेल्या.

कारखान्यात एक नियम होता: जो जोडतो, तो तपासत नाही. म्हणून काकूंनी तपासणी नीलवर सोपवली. त्याने पाच वेळा सापळा उडवून पाहिला. चुकवलं तर निम्मी, नाही तर पूर्ण, प्राण बरोबर वजा.

"मावशी, एक नंबर!"

"नीट बघितलंस ना? घाई नाही."

"परफेक्ट आहे ग."

पुढच्या रविवारी तीन वाजता काकूंनी हेडफोन गॅलरीत नेऊन गोविंदरावांच्या मांडीवर ठेवला. "एक सापळा बघा आणि मग उठा," एवढंच म्हणाल्या. गोविंदराव हॉलमध्ये येऊन लॅपटॉपसमोर उभेच राहिले. बळवंतरावांनी पाऊल टाकलं, पायरी खचली, पडद्यावर निकाल आला, प्राण वजा झाले. गोविंदरावांनी घड्याळ पाहिलं.

"चार सेकंद."

"मग?" काकूंनी विचारलं.

"राइट टाइम," ते म्हणाले आणि बसले.

तेव्हापासून काकूंच्या घराला आम्ही सापळा विभाग म्हणायला लागलो. काकूंनी स्वतः पात्र घेतलं नाही. डायनिंग टेबलाशी टॅब घेऊन बसायच्या आणि मधूनच कामापुरतं बोलायच्या.

"मावशी, सातव्या मजल्यावर पाणी आहे. तिथे मगर टाकतोय."

"किती फासे?"

"तीन."

"तीनच? आपल्या विश्वामित्री नदीतली नाही वाटतं."

खेळ धावायला लागला. सहा महिन्यांत जेवढे मजले उतरलो नव्हतो तेवढे दोन महिन्यांत उतरलो. आणि मार खायला लागलो. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. एका सापळ्यात किती फासे हे नील आम्हाला सांगत नसे, पडद्यावर फक्त बेरीज यायची. कधी नऊ, कधी बावीस. ओवीचं औषध संपत आलं. ती रागावली की गुजरातीत जाते.

"नील, तू तो बहु निर्दय थई गयो!"

"मी काय केलं? मी तर हातसुद्धा लावत नाही. सापळा विभागाला विचार."

"माझं पॅनल बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाय जपून टाका."

सगळ्यांत जास्त मार अर्थातच बळवंतरावांना, कारण मशाल पुढे. फेब्रुवारी संपताना सातव्या मजल्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्यांचे नऊ प्राण उरले होते. ओवीची पिशवी रिकामी होती.

"काका, काळजी करू नका," नील म्हणाला. "वाईटात वाईट, तुम्ही नवीन पात्र घ्याल. एक छान पहिलवान आहे माझ्याकडे."

"बळवंतराव गेले की मी उठलो," गोविंदराव म्हणाले. "माणूस रिटायर एकदाच होतो."

ते चिडून म्हणाले नव्हते, आणि काकूंना नेमकी त्याचीच भीती वाटली. चिडलेला माणूस परत येतो.

शनिवारी चहाच्या वेळी मी आल्याची किसणी परत द्यायला खाली गेले होते. काकू बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अहो, उद्या एक पायरी मागे राहा की. ओवीला पुढे पाठवा. तरणीताठी आहे."

"मशाल मागे ठेवून पुढचे काय चाचपडत जाणार?"

"मग मी नीलला सांगते, मगर काढ म्हणून."

"खबरदार." गोविंदरावांनी बशी खाली ठेवली. "सिग्नलमध्ये हात घालायचा नाही. पण एक सांगतो. तुझं मशीन नुसती बेरीज दाखवतं. मला एकेक फासा बघायचाय. कागद स्वतः वाचल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. बेरजेवर नाही."

काकूंनी संध्याकाळी बसून मॅक्रोत दोन ओळी वाढवल्या. आता प्रत्येक फाशाचा आकडा एकेका सेकंदाने वेगळा दिसणार होता. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

रविवारी सव्वातीनला आम्ही पाण्याच्या काठाशी उभे होतो. पलीकडे एक दार होतं. नील आवाज खोल करून वर्णन करत होता: काळं पाणी, शेवाळ, एका बाजूला काहीतरी ओंडक्यासारखं.

"ओंडका नाही तो," बळवंतराव म्हणाले. "बडोद्याचा माणूस आहे मी, मला ओंडका सांगतोस?"

तरी पाऊल टाकायलाच हवं होतं. दुसरी वाट नव्हती. बळवंतरावांनी मशाल उंच केली. "वैद्यबुवा, माझ्या मागून. अंतर ठेवून." सोंगटी एक घर पुढे सरकली.

मगर उसळली. चुकवायचा फासा: दोन. चुकवता आलं नाही.

पडद्यावर आकडा आला. पाच. नवातून पाच गेले, चार उरले.

सहा.

"गेले," ओवी पुटपुटली. खालच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सहा.

मग आणखी एक सहा. आणि त्याखाली एक ओळ, आम्ही कधीच न पाहिलेली: बाद. इजा शून्य.

बळवंतरावांच्या नावापुढे नऊ प्राण तसेच होते.

"थांबा, थांबा," नील म्हणाला. "मगरीला तीनच फासे आहेत. चौथा आकडा आला कुठून?"

"सहा पडला ना," काकू म्हणाल्या. "सहा पडला की पुन्हा टाकायचा."

"का?"

"का म्हणजे? सहा पडला!"

"आणि बाद?"

"लागोपाठ तीन सहा. बाद." काकूंच्या आवाजात आश्चर्य होतं, ते नीलच्या अडाणीपणाचं. "लहानपणी काय केलंस रे तू?"

"मावशी, ते लुडोत!"



कारखान्यात काकूंच्या वायरिंग सेक्शनमध्ये अकरा बायका होत्या आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटांत डबा संपवून उरलेल्या वीस मिनिटांत पुठ्ठ्यावर आखलेला लुडो. सोंगट्या वायरच्या तुकड्यांच्या: तीन फेजचे लाल, पिवळा, निळा आणि अर्थिंगचा हिरवा. चार रंग आयतेच होते. एकतीस वर्षं रोज काकूंनी सहा पडला की पुन्हा टाकला आणि तीन पडले की हात मागे घेतला. त्यांच्या लेखी हा लुडोचा नियम नव्हताच. फाशाचा स्वभाव होता. पाणी खाली वाहतं, हे ड्रॉइंगवर कोणी लिहितं का? नीलने पाठवलेल्या नियमांत 'फासे टाका' एवढंच लिहिलेलं होतं. काकूंनी ते टाकले. आणि नीलच्या पाच तपासण्यांत एकदाही सहा पडला नसावा.

"म्हणजे दोन महिने," ओवी सावकाश म्हणाली, "सहा पडला की आपण डबल मार खात होतो?"

"डबल नाही, पुन्हा," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "चूक माझी आहे. पॅनल चुकीचं जोडलं गेलं. सगळ्यांचे जास्तीचे प्राण परत करा."

"कसे करणार? जुन्या नोंदींत फक्त बेरजा आहेत."

"नियमांच्या पुस्तकाप्रमाणे आज काय झालं?" गोविंदरावांनी विचारलं.

नीलने नियम उघडले. "पुस्तकाप्रमाणे काका... पहिले तीन फासे. पाच, सहा, सहा. सतरा."

"आणि प्राण नऊ. म्हणजे बळवंतराव गेले."

"गेले नाहीत!" काकू म्हणाल्या. आता मला सगळं दोनदा ऐकू येत होतं, एकदा कानात आणि एकदा फरशीखालून. "बाद झालंय! डोळ्यांनी बघितलं ना सगळ्यांनी?"

"तो नियम नाही, मंदा."

"दोन महिने होता ना? मार खाताना होता. तेव्हा एकदाही म्हणालात का, की पुस्तक काढा?"

"मला माहीत नव्हतं."

"मगरीला तरी कुठे माहीत होतं!"

ओवी हसली. गंमत अशी की बळवंतरावांना मारायला त्यांचाच मालक निघाला होता आणि वाचवायला सापळा विभाग.

"काका, मी निर्णय देऊ का?" नीलने विचारलं. "गोष्ट मी चालवतो, मी—"

"तू गप्प. तुला वजाबाकी येत नाही." मग गोविंदरावांनी विचारलं, "आज तीन वाजता आपण निघालो, तेव्हा कुठला नियम चालू होता?"

"मावशीचा. म्हणजे, मशीनमधला."

"कोणाला माहीत असो नसो, चालू तोच होता?"

"तोच."

"मग ऐका. नवीन टाइमटेबल रात्री बारापासून लागलं, तरी आधी सुटलेली गाडी जुन्याच वेळेने पोचते. मधल्या स्टेशनात कोणी तिला उभी करून सांगत नाही, की बाई, तुझी वेळ बदलली." त्यांचा आवाज आता बळवंतरावांचा झाला होता. "मगर मशाल बघून फिरली. तोंड मिटलं तिनं. वैद्यबुवा, दाराकडे चला, बघत काय बसलात?"

"चालो चालो," ओवी घाईघाईने म्हणाली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोंगट्या पुढे ढकलल्या, नीलचं मत बदलायच्या आत.

दार उघडायला पाच वाजले. शेवटी काकूंनी विचारलं, "मग मी आज रात्री पुस्तकाप्रमाणे करून ठेवते. ओळ नंबर चौदा आणि पंधरा काढायच्या."

"राहू दे," गोविंदराव म्हणाले.

"अहो, पण चूक आहे ती."

"आता लिहून ठेवली की नियम. वर पाटी लाव, सगळ्यांना दिसेल अशी." ते पुढे म्हणाले, "आपली वाव आहे, आपल्या पायऱ्या. फासा आपल्यासारखा वागला तर काय बिघडलं?"

नीलने मत मागितलं. ओवीने हात वर केल्याचं चित्र पाठवलं, मीही पाठवलं. आता आमच्या नकाशावर वरच्या कोपऱ्यात काकूंच्या भाषेत पाटी आहे: सहा पडल्यास पुन्हा. लागोपाठ तीन सहा, बाद. चौकशी सापळा विभागाकडे. पाटीलाही नंबर आहे, अठरा.

त्या रविवारचं बोलणं मंगळवारी संपलं नाही. गुरुवारी मी ऑफिसातून येताना जिन्यात गोविंदराव तळमजल्याच्या जोश्यांना मगर किती लांब होती ते हातांनी दाखवत होते, आणि मगर वाढलेली होती. शुक्रवारी सुट्टी होती. दुपारी मी वाचत पडले होते तर खालून काकूंचा आवाज आला, कारखान्यात चढवायच्या तसा चढलेला.

"अहो, सोंगटी ठेवा खाली! तीन झाले! बाद!"

"दोन झाले. पहिला टेबलाखाली पडला होता, तो धरायचा नाही."

"कोणी सांगितलं धरायचा नाही म्हणून?"

"रेल्वेत नाही धरत."

"मकरपुऱ्यात धरतात. ठेवा खाली."

मी पुस्तक पालथं घातलं आणि ऐकत राहिले. हिरवी सोंगटी अजून घरातच होती वाटतं, कारण गोविंदराव म्हणत होते, "एवढी हिरवी एकदा सुटू दे, मग बघ."